नमद्याचा थर

लग्न होऊन मी जुन्या जालन्यात आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमची शेती वाटूरला, माणसं मात्र जालन्यात. सासरे वारले होते. मोठे दीर जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होते आणि आमचे मालक एका मारवाडी सेठच्या कापड दुकानात गज घेऊन उभे असायचे. घरात सासूबाई होत्या, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. थोरल्या जाऊबाई होत्या, त्यांना मी अक्का म्हणायचे. त्यांची सहा वर्षांची मुलगी, आणि मी. चूल अक्कांकडे होती. मला माझ्या आईनं वाकळा शिवायला शिकवलं होतं, म्हणून घरातलं फाटकंतुटकं माझ्याकडे आलं.

दुसऱ्या वर्षी सेठजींचा मुलगा हैदराबादेतून शिकून परत आला आणि येताना जेवायचं मेज घेऊन आला. आमच्या भागात मेजावर जेवणारं कुणी मी तोवर पाहिलं नव्हतं. सेठाणीबाई काही त्यावर बसल्या नाहीत, त्या शेवटपर्यंत पाटावरच जेवल्या. पण सूनबाईला त्या मेजाचं फार कौतुक. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी डाळीचं गरम भगोणं तसंच त्यावर ठेवलं आणि पॉलिशवर पांढरं वर्तुळ उमटलं. सूनबाईनं ह्यांच्याकडून मला बोलावणं पाठवलं.

"असं काही शिवून द्या," ती म्हणाली, "जिसपर चुलीवरचं भगोणं आणून ठेवलं, तरी खाली बिलकुल दाग न्हाई पडला पाहिजे."

तिला मेजाच्या मधोमध एक लांब पट्टी हवी होती आणि सहा चौकोनी गाद्या. वरच्या बाजूला लावायला तिनं चकचकीत नकली रेशीम काढून दिलं. मला वाटलं, सोपं आहे. घरी आणून मी आत पिंजलेला कापूस भरला, जवळजवळ टाके घातले. छान फुगलेली गादी झाली. तिच्यावर उकळत्या पाण्याचं भगोणं ठेवलं आणि खाली हात घालून बघितलं, तर चटका लागला. कापूस थंडीला चांगला, पण भगोण्याच्या वजनानं तो दबून पापड होतो आणि मग त्याच्यात काही राहत नाही. नकली रेशीम तर काळंच पडलं. मग गोणपाट घालून पाहिलं. ऊब अडली, पण त्याच्या कुसळ्या वरच्या कापडातून बाहेर आल्या. घोंगडीचा तुकडा घातला, तो बराच बरा निघाला. लोकर जळत नाही, नुसती करपते आणि केस जळल्यासारखा वास येतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टांगेवाला राहायचा. त्याचा घोडा त्या साली मेला. घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली घालायचा जाड नमदा त्याच्या दारात पडून होता. लोकर दाबून दाबून केलेलं ते कापड, बोटभर जाड. त्याच्या बायकोनं मला ते नेऊ दिलं. रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतलं तरी घोड्याच्या घामाचा वास पुरता गेला नाही. पण त्याचा एक थर मधे, वरखाली मांजरपाट, आणि सगळ्यात वर सूनबाईच्या हौसेसाठी लाल छापील सुती कापड, असं शिवलं आणि त्यावर भगोणं अर्धा तास ठेवलं. खालची फरशी गार ती गारच.

सूनबाई खूश झाली. मेजावर पुन्हा डाग पडला नाही. उरलेला नमदा मी माझ्या पेटीत ठेवून दिला.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी अक्का भाकरी करून राह्यल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे बसून लसूण सोलत होते. अक्का मला त्यांच्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगत होत्या. मधेच करपल्याचा वास आला. मी म्हणाले, "अक्का, भाकरी लागली बघा." त्यांनी भाकरी उलटली. भाकरी कुठेच करपली नव्हती. वास येतच राहिला. मी उठून पुढे गेले, तर त्यांच्या डाव्या हाताची करंगळी तव्याच्या काठाला टेकलेली होती, आणि त्या म्हशीचं सांगतच होत्या.

मी हात ओढला. करंगळीची बाजू पांढरी पडून वर सोलून आली होती.

अक्कांनी बोटाकडे बघितलं. "अगं बया," त्या म्हणाल्या, "कवा लागलं हे?"

मग त्यांनी हात पदराखाली घेतला आणि दाराकडे पाहिलं. आत्याबाई बाहेर ज्वारी निवडत होत्या.

"सांगू नको त्यांना," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "कुणालाच न्हाई."

दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. वर्ष झालं होतं. कोपराच्या वर एक फिकट चट्टा आला होता, तिथे घाम येत नव्हता. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुन्न झालं. आता दोन्ही हातांचे तळवे जवळजवळ सुन्न झाले होते. मी सुईचं टोक लावून पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी टोचतेय हे त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं.

रोगाचं नाव त्या दिवशी आम्ही दोघींनीही घेतलं नाही. दोघींनाही ते ठाऊक होतं. अक्कांच्या माहेरच्या गावात एक माणूस वेशीबाहेर छपरात राहायचा, लोक त्याला लांबून भाकरी टाकायचे. रक्तपिती म्हणायचे त्याला. अक्कांनी लहानपणी त्याला भाकरी टाकली होती.

"मला तसं ठेवतील गं," त्या म्हणाल्या. "पोरीला बघू द्यायचे न्हाईत."

मी काय करू शकत होते? मला शिवता येत होतं. मी पेटी उघडली आणि नमदा काढला.

मेजासाठी शिवणं सोपं होतं. मेजाला काही धरायचं नसतं, गादी हवी तेवढी जाड करावी. हाताला धरावं लागतं. पहिली जोडी मी सूनबाईच्या गाद्यांसारखीच शिवली, तर अक्कांच्या हातातून भगोणं निसटलं, कारण बोटं गादीभोवती वळेनात. घरात सांडशी होती, पण सगळ्या घराच्या वरणाचं दोन वीत रुंद भगोणं सांडशीनं उचलत नाही, आणि सांडशी दाबून धरण्याइतका जोर त्यांच्या करंगळीत उरला नव्हता. मी नमदा ब्लेडनं सोलून त्याची जाडी अर्धी केली. मग त्याचे दोन तुकडे कापून मधे बोटभर मोकळी जागा सोडली आणि त्या जागेवर दुहेरी टीप मारली. आता गादी पुस्तकासारखी मिटायला लागली. नमदा अर्धा झाला म्हणून त्याच्या जोडीला घोंगडीचा एक थर घातला. चुलीकडच्या बाजूला जाड खाकी कापड, दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतलं. काठाला एकही दोरा लोंबता ठेवला नाही, कारण जाळ आधी दोरा धरतो.

तळव्याकडच्या बाजूला ह्यांच्या जुन्या धोतराचं मऊ पांढरं कापड लावलं. त्यावर रक्ताचा किंवा लसेचा डाग लगेच दिसावा म्हणून. त्यांना जे कळत नव्हतं ते मला त्या कापडावर वाचायचं होतं.

प्रत्येक जोडी मी आधी माझ्या हातावर पारखायचे. उकळतं भगोणं उचलून स्वयंपाकघरातून अंगणात जायचं, परत यायचं. माझ्या हाताला सोसवलं तर त्यांच्या हाताला चालेल. त्या दिवसांत माझेच तळवे लाल असायचे. एकदा ह्यांनी विचारलं, मी सांगितलं, धुण्याचा सोडा लागला.

एक गोष्ट मला उशिरा समजली. गादी कोरडी असेल तोवरच ती गादी. ओली झाली की सगळे थर असून नसल्यासारखे. पाण्यातून धग सरळ हाताला जाते. मी अक्कांना सांगितलं, ओली असली तर घ्यायची नाही.

"मला ओली कशी कळणार?" त्या म्हणाल्या. खरंच होतं. ओलं-कोरडं काहीच त्यांच्या हाताला कळत नव्हतं.

"गालाला लावून बघा," मी म्हणाले.

तेव्हापासून अक्का चुलीवरून काही उतरवण्याआधी गादी गालाला लावायच्या. एकदा उजवी, एकदा डावी. त्यांची मुलगी ते बघून बघून बाहुलीशी खेळताना चिंध्या गालाला लावायची. आत्याबाईंना वाटायचं, थोरलीला ही काहीतरी सवय लागलीय.

तीन वर्षं असं चाललं. दर पावसाळ्याआधी मी नवी जोडी शिवायचे. रोज सकाळी स्वयंपाक उरकला की गाद्यांची पांढरी बाजू बघायचे, आणि ती बहुतेक वेळा स्वच्छ असायची. मला त्याचा अभिमान होता, हे मी लपवत नाही. दोन बोटं हळूहळू वाकली. आत्याबाई म्हणाल्या, वात आहे. त्यांनी एरंडेल गरम करून चोळलं, रामनवमीला जांबच्या रामाला जाऊन बोटं सुटी व्हावीत म्हणून नवसही बोलून आल्या. आम्ही दोघींनी तो वातच ठरू दिला. हाताला जखमा नव्हत्या, म्हणून कुणाला संशय आला नाही. आम्हाला वाटत होतं, आम्ही रोगाला दाराबाहेर ठेवलंय.

मग नणंदेचं डोहाळजेवण आलं. अंगणात बायकांची पंगत. पाच-सहा घरच्या बायका, नणंदेची सासू, तिच्या जावा. मी पानं वाढत होते. कुणीतरी मदतीला म्हणून स्वयंपाकघर आवरलं आणि गाद्या मोरीच्या ओल्या कडेला ठेवल्या. अक्का घाईत होत्या. व्याह्यांकडची माणसं समोर, म्हणून पदर तोंडावर ओढलेला. सगळ्यांदेखत गादी गालाला कशी लावायची? त्यांनी तशाच उचलल्या, उकळत्या आमटीचं भगोणं उतरवलं आणि अंगणभर चालत पंगतीच्या टोकापर्यंत नेलं. भगोणं नीट खाली ठेवलं. एक थेंबही सांडू दिला नाही.

हात सोडवले तेव्हा तळव्याची कातडी गादीबरोबर निघाली.

नणंदेची सासू ओरडली. मग सगळ्याच ओरडल्या. अक्कांनी आधी त्या बायकांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्यात शेवटी आपल्या हातांकडे. त्या रडल्या नाहीत, कळवळल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. तेवढ्यानंच सगळ्यांना समजलं. नणंदेच्या सासूनं आपल्या सुनेला उठवलं आणि पान तसंच टाकून सगळ्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोठे दीर आणि मी अक्कांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अक्कांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा ठिकठिकाणी टेकवत गेले. "लागतंय? लागतंय?" अक्का प्रत्येक वेळी जरा थांबून "व्हय" म्हणायच्या, आणि प्रत्येक वेळी चुकायच्या. डॉक्टरांनी कोपराशी बोटानं चाचपलं, मानेशी चाचपलं, मग पट्टी सोडून हात बघितले.

"किती वर्षं झाली?"

"चार होतील," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा हात उलटसुलट केले. "चार वर्षं चुलीवर काम केलं आणि जुन्या भाजल्याच्या खुणा एवढ्याच? हात कुणी सांभाळले?"

अक्कांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी पट्टी बांधलेल्या हातानं माझ्याकडे दाखवलं. "हिनं," त्या म्हणाल्या. "हिनं गाद्या शिवून देल्त्या मला. लई जपलं हिनं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाले, "बाई, आता गोळ्या निघाल्या आहेत. तीन-चार वर्षांपासून इथे मिळतात. रोग थांबतो त्यानं. पण जी नस मेली ती उठत नाही. पहिल्या वर्षीच यांचे हात भाजले असते, जखमा चिघळल्या असत्या, तर तुम्ही यांना तेव्हाच घेऊन आला असता."

मोठ्या दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे बघत होते. अक्कांना ते बोलणं नीट कळलं नसावं, किंवा कळूनही त्यांनी तसं दाखवलं नसावं. परत येताना टांग्यात त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर चांगला हाय. बराबर बोलतो."

त्या दिवसानंतर मी त्या एका वाक्यापासून सुटले नाही. मी किती वेळा हिशोब बदलून पाहिला. समजा मला शिवता येत नसतं. समजा टांगेवाल्याचा घोडा मेला नसता. मग अक्कांचा हात त्याच साली भाजला असता, रडारड झाली असती, आत्याबाईंना कळलं असतं, दवाखाना झाला असता. अपमान झाला असता, पण बोटं राहिली असती. आम्ही दोघींनी मिळून अपमान टाळला होता.

आठ दिवसांत आत्याबाईंनी ठरवलं. अक्का वाटूरला शेतातल्या खोलीत राहतील. पोर इथेच राहील. मोठ्या दिरांनी गाडी सांगितली. मी ह्यांना म्हणाले, "डॉक्टर म्हणाले गोळ्या घेतल्या की दुसऱ्याला होत न्हाई. घरात ठेवता येतं." हे म्हणाले, "दादाच्या बायकोचं दादा बघतील. तू मधे पडू नको. तू पडली तेवढं बस झालं."

अक्का गाडीत बसल्या तेव्हा मुलगी शाळेत होती. मुद्दामच तेव्हाची वेळ धरली होती.

मोठे दीर काही महिने दवाखान्यातून गोळ्या घेऊन वाटूरला पोचवत राहिले. मग त्यांना रांगेत जिनिंगमधलं कुणीतरी भेटलं. त्यांनी जाणं कमी केलं, मग बंदच केलं. मला हे फार उशिरा कळलं. मी एकदा आत्याबाईंना देवळात जाते सांगून दवाखान्यात गेले, तर तो डॉक्टर बदलून गेला होता. नव्या माणसानं सांगितलं, रोग्याला घेऊन या, बघितल्याशिवाय गोळ्या देता येत नाहीत. वाटूरहून रोग्याला आणणार कोण?

पेरणीच्या किंवा वेचणीच्या निमित्तानं वर्षातून एक-दोनदा माझं वाटूरला जाणं व्हायचं. अक्का स्वतःच रांधून खायच्या. दुसरं कोण रांधणार? बोटं आखडत चालली होती. गादी मिटून धरणं आता जमत नव्हतं, म्हणून मी थरांची पिशवी शिवली, हात आत सरकवायचा, अंगठ्याला वेगळी जागा. नमदा संपला होता. घोंगडीचे तीन थर घातले, तरी पुरत नव्हतं. मागच्या वेळी नव्हती अशी जखम दर खेपेला दिसायची, आणि दर खेपेला अक्का म्हणायच्या, "दुखत न्हाई गं. तू कशाला तोंड करून बसली?"

मुलीचं तेरावं सरून चौदावं लागलं तेव्हा मोठ्या दिरांनी तिचं लग्न जमवलं. परतूरकडचं स्थळ होतं. बघायला आलेल्या बायकांनी मला विचारलं, "पोरीची आई कुठं हाय?"

आत्याबाई बाजूलाच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आई न्हाई तिला," मी म्हणाले. "लहान असतानाच गेल्या."

मुलगी दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. तिनं मला त्या दिवशी किंवा नंतर कधीच काही विचारलं नाही. लग्नात आईचे विधी मी केले.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी येष्टीनं वाटूरला गेले. कापूस बघायचा आहे असं सांगून. अक्का खोलीच्या दारात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हात पदरात घेतले, जसे त्या पहिल्या दिवशी घेतले होते. मी सगळं सांगितलं. लुगडं कोणत्या रंगाचं होतं, हळदीला कोण कोण होतं, नवरा मुलगा कसा दिसतो, पोर जाताना रडली का. ती रडली नव्हती, पण मी रडली असं सांगितलं.

"माझं काय सांगितलं त्यांना?" अक्कांनी विचारलं.

"तब्येत बरी न्हाई, म्हणून आल्या न्हाईत, असं सांगितलं."

अक्कांनी पदरातले हात आणखी आत ओढले. मग म्हणाल्या, "बराबर सांगितलं."

त्या उठल्या आणि चुलीकडे वळल्या. "थांब, चहा टाकते. इतक्या लांबून आलीस, मंग चहा तरी घे."

त्यांनी मनगटांनी भांडं उचललं. एका हाताला बांधलेलं फडकं ओलं होतं, पिवळसर. मी अनेक वर्षं त्यांच्या ताटात जेवले होते. पंगतीत भाजल्यावर त्या हातांना आठ दिवस रोज हळद लावली होती. काही होत नाही, हे डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं होतं, आणि मी ते घरात सगळ्यांना सांगत आले होते.

"नको अक्का," मी म्हणाले, "येष्टी जाईल माझी."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. "जा मंग जल्दी," त्या म्हणाल्या.

येष्टीला अजून दोन तास होते. मी फाट्यावर जाऊन झाडाखाली बसून राहिले.